कापसाच्या बोज्यातले सान जुजे

वऱ्हाडातून परत आल्यापासून जो भेटतो तो मला एकच गोष्ट विचारतो. तिकडे म्हणे कुणब्यांच्या गाड्यांच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा असतात, हे खरं का? खरं आहे. एक मी डोळ्यांनी पाहिली. गाडीचा मालक गाडीत न बसता मागून चालत होता आणि थोड्या थोड्या वेळाने वाकून, धाव किती झिजली ते बघत होता. गाडीत बसायचं सुख गेलं आणि चाकाची राखण मागे लागली, असला तो प्रकार. पण मला वऱ्हाडात जे धक्के बसले त्यात ही धाव अगदी शेवटी येते, म्हणून सगळं नीट सांगतो. मी केळीचा व्यापारी. पाद्रीबाबांच्या शाळेत अक्षर शिकलो तेवढंच, तेव्हा भाषेला हसू नये.

आमचं घर वसईजवळच्या एका वाडीत. आम्ही किरिस्ताव, पिढ्यान्‌पिढ्यांचे. माझा धाकटा भाऊ इनास सुतार. अमेरिकेत आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आपल्याकडच्या कापसाला असा भाव चढला की वऱ्हाडात जागोजागी कापूस दाबायचे कारखाने उभे राहू लागले. त्यांना सुतार हवे होते. आमच्याकडचे सुतार टोळीने गेले, त्यांत इनास गेला. पावसाळ्याआधी येतो म्हणाला होता. दोन नाताळ उलटले तरी आला नाही. टोळीतलं कोणी सुटीवर आलं की आई त्याच्या घरी जाऊन बसायची. तो म्हणायचा, इनास बरा आहे, काम फार आहे. आणि असं म्हणताना प्रत्येक जण दुसरीकडे बघायचा.

मग सुतारांचा निरोप आला. अमरावतीला आम्ही गवती छपराचं छोटं देऊळ बांधलंय, पण आत संत नाही, गावाकडून एखादा पाठवा. आईने काय केलं, तर आमच्या घरातल्या आल्तारावरून, म्हणजे देव्हाऱ्यातून, सान जुजे खाली उतरवले. सान जुजे म्हणजे ख्रिस्ताला वाढवणारा सुतार, हाताने काम करून पोट भरणाऱ्या सगळ्यांचा राखणदार. आमची मूर्ती सागाची, दीड हात उंच, दाढीवाली. कमरेला करवत कोरलेली, आणि डावा हात पुढे काढून त्यात लाकूड तासायचा वाकस धरलेला. ती मूर्ती घरातून कधी हललेली मला आठवत नाही. आईने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ह्यांना तिकडे ठेव आणि त्याला इकडे आण."

मी व्यापारी माणूस. सौदा म्हणजे काय ते मला कळतं. संत द्यायचा आणि भाऊ आणायचा, एवढ्या कामावर मी निघालो.

रेल्वे संपते तिथे

रेल्वे तेव्हा अकोल्याच्या अलीकडेच संपत होती. संपत होती म्हणजे, काळ्या शेतात रूळ होते आणि मग नव्हते. मूर्तीसाठी केलेली लाकडी पेटी छातीशी धरून मी उतरलो आणि समोर बघून माझे पाय तिथेच थबकले. आमच्याकडे कापूस म्हणजे उशी. इथे तो आकाशाखाली टेकड्यांसारखा पडला होता. वाऱ्याबरोबर उडत होता, बाभळींना लटकत होता, बैलांच्या पापण्यांवर बसला होता. हमालांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मी पाणी मागितलं तर त्याच्यावरही रुईचे तंतू तरंगत होते. मी मासळीची चौकशी केली तेव्हा खाणावळवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे कितीतरी दिवस मी तो विषय काढला नाही.

आणि जमीन काळी. आमची वाळूची जमीन पाणी ओतलं की पिऊन टाकते. ही मार्चातच भेगाळून पडली होती, आणि त्या भेगांत माझी काठी मुठीपर्यंत गेली. समुद्र नाही, माड नाही, चारी बाजूंनी नुसतं सपाट. मला पहिल्याच दिवशी घरी पळून जावंसं वाटलं.

अकोला

अकोल्यापर्यंत एका रिकाम्या परतणाऱ्या गाडीने आलो. मोर्णा नदीकाठी उतरलो तर उन्हाने डोकं फिरलेलं. तिथून अमरावतीकडे जायला गाडी मिळेना. ज्याच्याकडे बैल होते तो कापूस वाहत होता, आणि माणसासाठी कापूस खाली उतरवायला कोणी तयार नव्हता. एकाने तर मला सरळ विचारलं, तुझं वजन किती आणि तू कोणत्या भावाने विकला जाशील.

शेवटी भेटला उकंडराव. पन्नाशीचा कुणबी, अंगाने काटक, डोक्याला लाल पागोटं. अकोल्याजवळच्या खेड्यातला. अमरावतीच्या बाजारात भाव जास्त म्हणून आपली रुई गोणपाटाच्या मोठ्या बोज्यांत भरून तिकडे निघाला होता. पेटीत काय आहे म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, देव आहे. झालं, त्याने लगेच गाडीत जागा केली आणि भाड्याचं नावही काढू दिलं नाही. पण मी किरिस्ताव आहे हे कळल्यावर मात्र त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "किरिस्ताव हा, मंग आमच्यासारखं काहून बोलता? साहेबावाणी बोलत जा ना."

मी म्हटलं, मी जन्मल्यापासून असाच बोलतो. त्याला ते पटलं नाही. मी काहीतरी लपवतोय असा संशय त्याला शेवटपर्यंत होता.

मूर्तिजापूरच्या वाटेवर

उकंडराव मला पाणी वरून ओंजळीत ओतायचा आणि भाकर हातावर वरून टाकायचा. मला राग यायचा. आमच्या वाडीत मला सगळे मान देतात, आणि इथे मी रस्त्याच्या कडेला ओंजळ पसरून बसलेलो. पण तोच माणूस चढ आला की उतरून चालायचा आणि मला म्हणायचा, तुमी बसा, तुमच्या मांडीवर देव हाय.

एका मुक्कामावर त्याने रोडगे केले. कणकेचे जाडजूड गोळे, आणि ते भाजायचे कशात, तर शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून. मी ते बघून तोंड फिरवलं. काय करणार, भूक होती. राख झटकून, फोडून, वर तूप घालून त्याने एक रोडगा वांग्याच्या भाजीबरोबर पुढे केला. पहिला घास मी डोळे मिटून घेतला. नंतरचे उघड्या डोळ्यांनी घेतले, आणि किती घेतले ते सांगत नाही. भाजी इतकी तिखट होती की मी रडतोय असं उकंडरावला वाटलं आणि त्याने घरी कोण आजारी आहे म्हणून चौकशी केली. मी त्याला आमची सुकेळी दिली. उन्हात वाळवलेलं केळं त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याने आधी ते बैलाला हुंगवलं आणि मग खाल्लं.

पुढे एक नाला लागला. पाणी घोट्याएवढं, पण दगड असे की चाक एकावरून घसरून दुसऱ्यावर आदळलं, आणि मी पेटीसकट खाली आलो. पेटीची एक बाजू उकलली. सान जुजे धड होते. मी त्यांना हात लावून लावून बघत होतो तोवर उकंडराव शेजारी येऊन उकिडवा बसला. मूर्ती त्याने पहिल्यांदाच पाहिली. बराच वेळ करवतीकडे आणि वाकसाकडे बघत राहिला. सुतारांचा देव आहे म्हटल्यावर त्याने हात जोडले.

"असा पेटीत खडखडत नेला तं हाडं मोडतीन त्याचे," तो म्हणाला. "कापसात निजवू. कापसात लेकरू बी ठेवलं तं त्याले काई होत नाई."

मला ते पटलं. आजही वाटतं, त्या रस्त्यावर दुसऱ्या कोणत्याही शहाण्या माणसाने हेच केलं असतं. त्याने दाभणाने एका बोज्याची शिवण उसवली, आत कोपरापर्यंत हात घालून रुईत पोकळी केली, सान जुजेंना त्यात आडवं निजवलं, वरून रुई सारखी केली आणि बोजा पुन्हा शिवून टाकला. मग हसून म्हणाला, आता देव माझ्याहून मऊ गादीवर झोपला. पुढचा सगळा रस्ता तो त्या बोज्याला टेकूनही बसला नाही.

अमरावती

अमरावतीच्या कापूस बाजारात पोचलो तेव्हा गाड्यांची अशी गर्दी होती की बैलांना मान वळवायला जागा नव्हती. ठरलं असं, की मी सुतारांच्या झोपड्या कुठे आहेत ते विचारून येतो, मग आपण गाडी बाजूला घेऊन मूर्ती काढू. ही गर्दी आणि हा बाजार मला ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर मी गाडी सोडून हललो नसतो.

त्या दिवसांत कापूस वजनाने सोन्यासारखा विकला जात होता, तेव्हा काही लोक बोज्यात दगड घालत, ओली वाळू घालत, सरकी घालत. म्हणून घेणाऱ्यांची माणसं लोखंडी आकडे घेऊन फिरत आणि बोज्यात खुपसून बघत. आणि सौदा तिथे तोंडाने होत नाही. घेणारा आणि विकणारा एका रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात, म्हणजे शेजारच्याला कळू नये. भाव ठरेपर्यंत रुमालातून हात काढायचा नाही. काढला तर सौदा मोडला आणि अपमान झाला तो वेगळाच.

मी परत आलो तेव्हा एका व्यापाऱ्याने उकंडरावला गाठलं होतं आणि त्याचा हात रुमालाखाली होता. व्यापाऱ्याचा माणूस आकडा घेऊन गाडीवर चढला होता. उकंडरावला ते दिसलं. हात काढता येईना, म्हणून तो तिथूनच ओरडला, "तो बोजा नोको. त्याच्यात देव हाय."

सगळे हसले. दगड लपवणाऱ्यांनी आजवर नाना कारणं सांगितली असतील, पण हे कोणी सांगितलं नव्हतं. आकडेवाला हसत हसत नेमका त्याच बोज्याकडे वळला. मी गर्दीतून पुढे घुसायला लागलो. आकडा आत गेला, कशावर तरी टक्कन लागला, आणि हसणं थांबलं. त्याने पाय रोवून आकडा ओढला. गोणपाट फाटलं, आणि आकड्याला अडकून वर आला तो एक लाकडी हात, मुठीत वाकस धरलेला.

तो हात आकड्यावर वर हवेत होता आणि सगळा बाजार मान वर करून त्याच्याकडे बघत होता. मग कोणीतरी चोर म्हणालं, आणि सगळेच म्हणायला लागले. उकंडरावचं पागोटं खाली पडलं. मी गाडीवर चढलो आणि घसा फुटेपर्यंत सांगितलं की देव माझा आहे, वजनासाठी घातलेला नाही, हा माणूस प्रामाणिक आहे. फाटक्या बोज्यातून मी सान जुजेंना बाहेर काढलं तेव्हा आवाज जरा खाली आला. दाढी, झगा, करवत, सगळं होतं. डावा हात कोपरापासून गेला होता. तो तुटलेला तुकडा गर्दीत कुठे पडला, कोणाच्या पायाखाली गेला, ते सापडलंच नाही.

शिक्षा झाली नाही, पण त्या दिवशी उकंडरावचा कापूस कोणी घेतला नाही. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. तो पागोटं हातात धरून मूर्तीकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, तुझी चूक नाही. तो माझ्याबरोबर सुतारांच्या झोपड्यांपर्यंत आला, गाडी बाहेर सोडली आणि बैलांपाशी बसून राहिला. आत ये म्हटलं तर येईना.

झोपड्यांत

सुतारांचा मुकादम सिमाव, आमच्याच वाडीचा. मला पाहून त्याचा चेहरा उतरला. मूर्ती मोडली म्हणून असेल असं मला वाटलं. मी विचारलं, इनास कुठे? त्याने आतल्या बाजूला बोट केलं.

इनास बांबूच्या कुडाच्या भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी हाक मारली, तो वळला. त्याचा उजवा हात मनगटाशी संपत होता.

सिमाव हळू आवाजात सांगत होता, ते मला तुकड्यातुकड्याने ऐकू येत होतं. मागच्या पावसाळ्याच्या आधी, कापूस दाबायच्या यंत्राची तुळई बसवताना दोर तुटला. इनासने सगळ्यांकडून शपथ घेतली होती की घरी सांगायचं नाही. तेव्हापासून टोळीतले लोक त्याला आळीपाळीने जेवू घालत होते. तो काम सोडून कशाबद्दल बोलत नव्हता, आणि काम तर त्याला होत नव्हतं, म्हणजे तो बोलतच नव्हता.

मी त्याला म्हटलं, आईने तुला न्यायला पाठवलंय. तो म्हणाला, "आईला सांग, काम फार आहे."

मग त्याची नजर मूर्तीवर गेली. त्याने तिच्या तुटलेल्या कोपराकडे पाहिलं आणि पुन्हा कुडाकडे तोंड केलं. आईचा सौदा बुडाला, असं माझ्या मनात आलं. द्यायचा संत मोडला होता आणि न्यायचा भाऊ माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता. बाकीचे सुतार मात्र मूर्तीभोवती जमले. हात नवा करू, सागाचा तुकडा आहे, उद्या दुपारपर्यंत बसवतो, असं त्यांचं चाललं होतं. सुतारांना मोडलेल्या लाकडाची भीती वाटत नाही.

वलगावचा डोह

सकाळी उठलो तर मूर्ती नव्हती. उकंडरावची गाडीही नव्हती. सिमाव म्हणाला, कुणबी चोर निघाला. मलाही ते क्षणभर खरं वाटलं आणि मी उकंडरावच्या नावाने नको नको ते बोललो. तेवढ्यात कोपऱ्यातून इनास म्हणाला, "चोर नाही तो. मूर्ती पाण्यात सोडायला नेलीय."

मला काही कळेना. इनासने सांगितलं की उकंडराव पहाटे आत आला होता. त्यांच्याकडे भंगलेला देव घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. त्याच्या हातून देव भंगला, आणि ह्या घरात आधीच एक दुखणाईत माणूस, तेव्हा तो मूर्ती तशीच ठेवून जाऊ शकत नव्हता. त्याने इनासला विचारलं होतं की ह्या दिवसांत खोल पाणी कुठे मिळेल.

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"वलगावच्या खाली पेढी नदीत डोह आहे. तिथे उन्हाळ्यातही पुरुषभर पाणी असतं."

"आणि त्याला जाऊ दिलंस?"

"मोडलेलं ठेवून काय करायचं?"

सिमाव माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, वलगावला तुमचं काम कधी नव्हतं, मग डोह किती खोल आहे हे तुला कसं ठाऊक. इनासने मान खाली घातली. मला उत्तर मिळालं. इतके दिवस मी माणसाला घरी कसं न्यायचं ह्याच्या विचारात होतो, आणि तो माणूस नदीचं पाणी मोजून आला होता.

मग तोच उठला आणि म्हणाला, चल, मी दाखवतो. सिमावने कुठून तरी छकडा आणला. मी, सिमाव आणि इनास निघालो. प्रवासाचं सांगायचं तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता, उत्तरेला मेळघाटच्या डोंगरांची निळी ओळ दिसत होती, आणि परतवाड्याकडून सागाचे ओंडके घेऊन गाड्या येत होत्या. एरवी मी चार ठिकाणी थांबून बघितलं असतं. त्या दिवशी मी फक्त इनासचे पाय बघत होतो, तो छकड्यातून उडी मारतो की काय म्हणून.

डोहाच्या काठावर उकंडरावची गाडी उभी होती. तो कमरेएवढ्या पाण्यात होता. सान जुजेंना त्याने हळदकुंकू लावलं होतं, गळ्यात झेंडूची माळ घातली होती, आणि पायांना दोराने दगड बांधला होता. लाकडी देव बुडत नाही हे त्याला पाण्यात शिरल्यावर कळलं असावं. आम्ही उतरलो तोवर दोर सुटला. दगड तळाला गेला आणि सान जुजे झेंडूसकट वर आले आणि डोहाच्या मधोमध जाऊन तरंगायला लागले. उकंडरावला पोहता येत नव्हतं. तो तिथेच उभा राहून हमसून हमसून रडत होता.

मी काठावरून त्याच्यावर ओरडायला सुरुवात केली. आता आठवलं की लाज वाटते, पण मी खूप ओरडलो. त्या ओरडण्यात इनास माझ्या शेजारून कधी गेला ते मला समजलं नाही. बघतो तर तो कपड्यांसकट पाण्यात शिरला होता आणि थेट मधोमध चालला होता. पाणी त्याच्या छातीला लागलं, मग गळ्याला.

आम्ही खाडीकाठची मुलं, पोहणं आम्हाला शिकवावं लागत नाही. पण एका हाताने? आणि तो कशासाठी चालला होता? मूर्तीसाठी की त्याच्या त्या दुसऱ्या कामासाठी? सिमाव छातीवर क्रूस करत होता. मी पाण्याकडे धावलो, चिखलात पडलो, उठलो. इनासचं डोकं दिसेनासं झालं.

ते वर आलं तेव्हा त्याने तोंडातलं पाणी थुंकलं आणि डाव्या हाताने सान जुजेंना मानेला धरलं. पाय मारत, वाकडा होत, थांबत तो काठाकडे येऊ लागला. मी गळ्याएवढ्या पाण्यात जाऊन त्याला धरलं. मूर्ती त्याने सोडली नाही. आम्ही तिघं, म्हणजे मी, तो आणि सान जुजे, एकदमच काठावर येऊन पडलो.

उकंडराव जवळ यायला धजत नव्हता. दुरूनच म्हणाला, "भंगलेला देव चालते तुमाले?"

इनास धापा टाकत होता. मी त्याला भेटल्यापासून पहिल्यांदा कोणाच्या तोंडाकडे बघताना पाहिलं. तो म्हणाला, "पाटील, आमचा मोठा देव तर खिळे ठोकून लटकवलेला आहे. त्याला आम्ही रोज नमस्कार करतो."

उकंडरावने ते ऐकलं आणि तो मटकन खाली बसला. मला तिकडे जेवढे धक्के बसले तेवढे सगळे एकट्या उकंडरावला त्या एका वाक्याने बसले असावेत. मग तो उठला, इनासजवळ गेला आणि आपल्या पागोट्याचं टोक सोडून त्याचं डोकं पुसायला लागला. मला वरून पाणी ओतणारा हाच माणूस.

सिमाव म्हणाला, चला, आज दुपारी ह्यांना नवा हात बसवू. इनास म्हणाला, "हात लावू नका."

"अरे, आम्ही सुतार आहोत. तासाभराचं काम."

"असाच राहू दे. आईने धड मूर्ती दिली, तिला धड मुलगा परत हवाय. तो तिला मिळायचा नाही." मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "ह्यांना असंच घेऊन चल. आईने ह्यांना आल्तारावर परत ठेवलं तर मी घरात पाऊल टाकीन. नाही ठेवलं तर तू मला अडवायचं नाहीस."

सिमाव चिडला. सुतारांनी गवत शाकारून देऊळ बांधलं होतं, संताची वाट बघितली होती, आणि आता संत परत निघाले होते. झोपड्यांत त्यावरून मोठी कडाक्याची बोलाचाली झाली. शेवटी उकंडरावने मिटवलं. परतवाड्याच्या गाड्यांमधला सागाचा एक चांगला ओंडका त्याने स्वतः निवडून आणून देवळापुढे टाकला आणि म्हणाला, तुमीच घडवा तुमचा देव, मी बघायले येईन. त्याचा कापूस शेवटी कोणी घेतला की नाही ते मात्र मला कळलं नाही. निरोप घेताना त्याने मला पाणी दिलं ते तांब्या माझ्या हातात देऊन.

घरी

परतीचा सगळा रस्ता इनासने मूर्ती स्वतःच्या मांडीवर घेतली होती. मी मनातल्या मनात आईपुढचं भाषण तयार करत होतो. आधी देवाचं सांगायचं, मग उकंडरावचं, मग हळूच यंत्राचं. आईने मूर्तीला नकार दिला तर काय, हे मात्र त्या भाषणात कुठेच बसत नव्हतं. एकाच हाताचा माणूस मी घरी आणला होता, आणि एका शब्दावर तो मला पुन्हा गमवावा लागणार होता.

वाडीच्या तोंडाशी, विहिरीपाशी इनास थांबला. पुढे येईना. मी मूर्ती घेऊन एकटा घरात गेलो.

आई तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि हात पुढे केले. मी सान जुजेंना तिच्या हातात दिलं. सगळं भाषण मी विसरून गेलो. तिने तुटलेल्या कोपरावरून अंगठा फिरवला, मूर्ती पदराने पुसली, आल्तारावर नेऊन ठेवली आणि तिच्यापुढे मेणबत्ती लावली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "किती मोडलाय?"

मी म्हटलं, "कोपरापासून. हा डावा हात, तो वाकसाचा..."

"ह्यांचं नाही विचारत," आई म्हणाली. "धड असता तर तुझ्याआधी आत आला असता. बाहेर उभा आहे, त्याचं विचारतेय."

आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ती उठली आणि तशीच अनवाणी उन्हात विहिरीकडे निघाली.